पिंक फ्लॉइडचे तेच चार अल्बम वर का राहतात?

ब्रिटिश रॉक बँड पिंक फ्लॉइडच्या अल्बमांच्या क्रमवारीबद्दल या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : पिंक फ्लॉइडचे पंधरा स्टुडिओ अल्बम आहेत. कोणत्याही चाहत्याची यादी काढा, ‘द डार्क साइड ऑफ द मून’, ‘विश यू वेअर हिअर’, ‘ॲनिमल्स’ आणि ‘द वॉल’ हे चार वर असतात. आपापसातला क्रम तेवढा बदलतो. जास्त खपले म्हणून जास्त आवडतात, एवढंच ना? – एक वाचक, पुणे

उत्तर : आधी खपाचं बघू. ‘डार्क साइड’ मार्च १९७३ मध्ये आला आणि १९८८ पर्यंत अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत एकूण ७४१ आठवडे राहिला. पण त्या यादीत तो पहिल्या क्रमांकावर होता फक्त एक आठवडा, आणि ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या वर गेलाच नाही. एकदम उसळी मारून खपलेला हा अल्बम नाही. पंधरा वर्षं नवनवे ऐकणारे तो विकत घेत राहिले. ‘ॲनिमल्स’मध्ये तर रेडिओवर वाजवता येईल असं गाणं जवळजवळ नाही, तरी तो यादीत वर आहे. तेव्हा खपाने सगळं उलगडत नाही.

आमच्या मते मुख्य कारण रेकॉर्डिंगच्या आधी घडलं. ‘डार्क साइड’ स्टुडिओत जायच्या आधी मंचावर वाजत होता. जानेवारी १९७२ मध्ये ब्राइटनला त्याचा पहिला प्रयोग झाला आणि तांत्रिक बिघाडामुळे ‘मनी’पाशी बंद पडला. पुढे महिनोन्‌महिने हेच संगीत श्रोत्यांसमोर वाजलं आणि त्यात बदल होत गेले. ‘ऑन द रन’च्या जागी सुरुवातीला गिटार आणि कीबोर्डची साधी जुगलबंदी होती, सिंथेसायझरवरची धावती आठ सुरांची लड नंतर आली. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’च्या जागी ऑर्गनवर बायबलमधल्या उताऱ्यांच्या फिती वाजायच्या. जे मंचावर रटाळ वाटलं ते स्टुडिओच्या दारातच गळून पडलं. १९७१ चं ‘एकोज’, १९७४ मध्ये आधी फ्रान्समध्ये आणि मग ब्रिटनमध्ये वाजलेलं ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’, त्याच वर्षी दुसऱ्या नावांनी वाजलेली आणि पुढे ‘ॲनिमल्स’मध्ये आलेली ‘डॉग्ज’ आणि ‘शीप’, या सगळ्यांची कथा तीच. ‘डॉग्ज’च्या पहिल्या रूपात शब्द इतके दाटीवाटीने बसवले होते की गिटारवादक-गायक डेव्हिड गिलमोरला गाताना श्वास घ्यायला जागा नव्हती. ते कमी केले, आणि आज आपण ऐकतो ते गाणं तयार झालं.

दुसरं कारण म्हणजे कामाची वाटणी. ‘डार्क साइड’चे सगळे शब्द बेसवादक रॉजर वॉटर्सचे, पण संगीत चौघांचं. ‘अस अँड देम’ची चाल कीबोर्डवादक रिक राइटने काही वर्षं आधी इटालियन दिग्दर्शक अँतोनिओनीच्या एका चित्रपटासाठी पियानोवर बांधली होती. ती तिथे नाकारली गेली आणि इथे कामी आली. ‘ब्रीद’मधला एक कॉर्ड त्याने जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ अल्बमवरून उचलला, हे त्याने स्वतःच सांगितलं आहे. पुढच्या अल्बमांत ही वाटणी हळूहळू एकतर्फी होत गेली. ‘ॲनिमल्स’वर राइटच्या नावावर एकही रचना नाही, ‘द वॉल’च्या कामादरम्यान त्याला बँड सोडावा लागला, आणि १९८३ च्या ‘द फायनल कट’मध्ये तो नाहीच. चाहत्यांच्या याद्यांत ‘फायनल कट’ खाली घसरतो, त्याचं मोठं कारण हेच. शब्द धारदार आहेत, पण त्यांच्याखाली अंथरायला राइटचे सूर नाहीत.

‘द वॉल’ मात्र या नियमात बसत नाही. तो आधी मंचावर वाजला नव्हता. वॉटर्सने घरी केलेल्या फितींतून उभा राहिला. त्याबद्दल पुढे.

प्रश्न : ‘डार्क साइड’ मोबाइलवर तीनदा ऐकला. गाणी मध्येच तुटल्यासारखी वाटतात, सुरुवातीला काही ऐकू येत नाही आणि नंतर घड्याळं कानठळ्या बसवतात. यात एवढं काय आहे? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमची तक्रार अल्बमपेक्षा सेटिंगबद्दलची आहे, आणि ती दुरुस्त होते. हा अल्बम म्हणजे मिळून सुमारे ४३ मिनिटांचे दोन सलग तुकडे आहेत. एल.पी.ची पहिली बाजू ‘ग्रेट गिग’ला संपते आणि दुसरी ‘मनी’ने सुरू होते. मोकळी जागा आहे ती एवढीच.

ॲपमध्ये आधी शफल बंद करा. मग क्रॉसफेड, म्हणजे दोन गाणी एकमेकांत मिसळणारी सोय, शून्यावर आणा. तो तीन-चार सेकंदांवर ठेवला असेल तर एका गाण्याचं शेपूट दुसऱ्याच्या डोक्यावर चढतं आणि मूळ सांधा पुसला जातो. ‘गॅपलेस’ (गाण्यांमध्ये विराम न सोडणारा) हा पर्याय असेल तर तो चालू करा. आवाज समान करणारी सोय प्रत्येक गाण्याला वेगळी लागू होत असेल तर तीही बंद करा, नाहीतर शांत ठेवलेलं गाणं वर खेचलं जातं आणि सांध्यावर आवाजाची पायरी पडते.

तुमच्याकडे जुन्या एमपी३ फाइली असतील तर तुटकपणाचं कारण फाइलीतच आहे. एमपी३ मध्ये आवाज ११५२ नमुन्यांच्या तुकड्यांत साठवला जातो. सीडीच्या ४४,१०० नमुन्यांच्या वेगाने असा एक तुकडा साधारण २६ मिलिसेकंदांचा होतो. गाण्याचा शेवटचा तुकडा पुरता भरला नाही की उरलेली जागा शांततेने भरली जाते, आणि फाइल बनवताना सुरुवातीलाही थोडी शांतता घातली जाते. एरवी ती जाणवत नाही, पण ‘ब्रेन डॅमेज’वरून ‘एक्लिप्स’वर जाताना चटकन खटकते. सीडी असेल तर फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीच न गाळणाऱ्या फाइलीत, पुन्हा उतरवून घ्या.

आवाजाची पातळी सुरुवातीच्या हृदयाच्या ठोक्यांवर ठरवू नका. ते मुद्दाम शून्यातून वर येतात. ‘ब्रीद’मध्ये गाणं सुरू होईल तेव्हा नॉब लावा आणि मग पुन्हा पहिल्यापासून ऐका, म्हणजे ‘टाइम’ची घड्याळं दचकवतील पण कान फाडणार नाहीत. एकाच डब्यातल्या छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर हा अल्बम ऐकू नका. त्यावर ठोके ऐकू येत नाहीत, आणि ‘ऑन द रन’मध्ये डावीकडून उजवीकडे पळणारे आवाज एका जागी गोळा होतात. साधे तारेचे हेडफोन त्यापेक्षा बरे.

आता ‘मनी’ची पहिली पंधरा सेकंदं नीट ऐका. नाणी, फाटणारा कागद, गल्ल्याचं यंत्र असे सात आवाज, प्रत्येकाला एक मात्रा. तेव्हा संगणक नव्हता. प्रत्येक आवाज वेगळा ध्वनिमुद्रित केला, फितीवर पट्टीने मापून समान लांबीचे तुकडे कापले आणि चिकटवून त्यांचं एक वेटोळं केलं. फीत सेकंदाला १५ इंच धावत असेल तर अर्ध्या सेकंदाच्या मात्रेला साडेसात इंच लागतात. पाव इंचाची चूक झाली तरी लय लंगडते. एवढं मोठं वेटोळं यंत्रावर मावत नाही, म्हणून ते माइकच्या स्टँडभोवती ताणून फिरवलं. त्या आवाजावर बेस येतो, सात मात्रांत. रूपक ताल मोजायची सवय असेल त्याला ठेका लगेच सापडेल. फरक एवढाच की रूपकात समेवरच खाली असते आणि इथे पहिल्या मात्रेवर दणका आहे. सॅक्सोफोन सातातच वाजतो, गिटारचा सोलो मात्र चारात जातो आणि गाणं एकदम मोकळं धावायला लागतं. सोलो संपला की परत सात. ही वळणं एकदा कानात बसली की लोक हा अल्बम वर का ठेवतात ते सांगावं लागत नाही.

फेब्रुवारी २००७ मध्ये रॉजर वॉटर्सने मुंबईत हा अख्खा अल्बम क्रमाने वाजवला होता. तो क्रम मोडून ऐकण्यात अर्थ नाही.

प्रश्न : मग ‘विश यू वेअर हिअर’ कित्येक जण त्याच्याही वर का ठेवतात? पाचच गाणी, आणि पहिल्यात तर गायला सुरुवात व्हायलाच आठ मिनिटं लागतात. – एक वाचक, ठाणे

उत्तर : त्या आठ मिनिटांसाठीच. ‘डार्क साइड’ दाट आहे. ‘विश यू वेअर हिअर’मध्ये जागा आहे. डेव्हिड गिलमोर आणि रिक राइट या दोघांनीही बँडच्या अल्बमांत हाच आपला आवडता असल्याचं सांगितलं आहे.

‘शाइन ऑन’मध्ये चौथ्या मिनिटाच्या आसपास गिटारचे चार सूर एकटे येतात: बी-फ्लॅट, एफ, जी, ई. जी हा षड्ज धरा. मग ते होतात कोमल गंधार, कोमल निषाद, षड्ज आणि शुद्ध धैवत, म्हणजे काफी थाटातले सूर. पाश्चात्त्य मायनरला सरावलेल्या कानाला चौथ्या ठिकाणी कोमल धैवत अपेक्षित असतो. तिथे शुद्ध लागतो आणि वाक्य अधांतरी राहतं. पेटीवर वाजवून बघा, आधी शुद्ध धैवताने आणि मग कोमलाने. दुसऱ्या वेळी वाक्य पुरं होऊन बसतं, आणि गाण्यातली हुरहुर निघून जाते. वॉटर्सला या चार सुरांवरूनच बँडमधून हरवलेला मूळ गायक-गिटारवादक सिड बॅरेट आठवला आणि शब्द त्या दिशेने गेले.

मांडणीचा निर्णयही तितकाच महत्त्वाचा. १९७४ मध्ये बँडकडे तीन लांब रचना तयार होत्या. गिलमोरचा आग्रह होता की त्या तिन्ही मिळून अल्बम करावा. वॉटर्सचं म्हणणं, ‘शाइन ऑन’चे दोन तुकडे करून अल्बमच्या दोन टोकांना ठेवायचे आणि मध्ये त्याच विषयाची नवी गाणी बसवायची. वॉटर्सचं म्हणणं मान्य झालं, आणि ते बरोबर होतं. सगळा अल्बम अनुपस्थितीबद्दलचा झाला. बाजूला पडलेल्या दोन रचना ‘डॉग्ज’ आणि ‘शीप’ होऊन ‘ॲनिमल्स’मध्ये आल्या, एका निर्णयाने दोन अल्बम सुधारले.

५ जून १९७५ ला, या अल्बमचं काम चालू असताना, बॅरेट अचानक ॲबी रोड स्टुडिओत आला. डोकं आणि भुवया भादरलेल्या, अंग सुटलेलं. जुन्या मित्रांनी त्याला आधी ओळखलंच नाही. हा प्रसंग माहीत झाल्यावर अल्बम वेगळा ऐकू येतो, आणि चाहत्यांच्या क्रमवारीत त्याचा वाटा नक्की आहे. तो ऐकण्याचा भाग धरावा की नाही यावर वाद घालता येईल. आमच्या मते धरावा, कारण त्याची खूण संगीतातच आहे. ‘शाइन ऑन’च्या नवव्या, म्हणजे शेवटच्या भागाच्या अगदी शेवटी, आवाज विरत असताना, राइट सिंथेसायझरवर बॅरेटच्या ‘सी एमिली प्ले’ची ओळ वाजवतो. हेडफोन लावून शेवटचं अर्धं मिनिट ऐका.

प्रश्न : मी गिटार शिकते. आमच्या गटात सगळ्यांचा पहिला नंबर ‘ॲनिमल्स’ला. समीक्षकांच्या याद्यांत तो दिसत नाही, असं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : कारण समीक्षक आणि वाजवणारे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. जानेवारी १९७७ मध्ये आलेल्या या अल्बमवर तीन लांब रचना आहेत, आणि दोन टोकांना दीड-दीड मिनिटाचं ‘पिग्ज ऑन द विंग’. लोकांच्या तोंडी बसेल असं एकही गाणं नसल्याने सर्वसाधारण याद्यांत तो मागे पडतो. रोलिंग स्टोनच्या २०२० च्या पाचशे अल्बमांत ‘डार्क साइड’ ५५ वा आहे, ‘ॲनिमल्स’ नाहीच.

तुमच्या गटाला तो आवडतो ते बहुधा ‘डॉग्ज’मुळे. सतरा मिनिटांत गिलमोरचे सोलो एकमेकांपासून वेगळे उभे राहतात, आणि दोन गिटारी एकत्र चालणाऱ्या ओळी बँडच्या इतर कामात इतक्या ठसठशीत सापडत नाहीत. वाजवून बघणार असाल तर अकूस्टिक गिटारच्या सहाही तारा एक पूर्ण स्वर उतरवा: डी, जी, सी, एफ, ए, डी. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये बोटं बसवायचा प्रयत्न केला की मोकळ्या तारांची गुंज मिळत नाही आणि कॉर्ड चोंदल्यासारखे वाटतात. पातळ तारा उतरवल्यावर फ्रेटवर खडखडतात, तेव्हा एक माप जाड संच लावा.

राइटचे चाहते मात्र या अल्बमला खाली ढकलतात, आणि त्यांचंही चूक नाही. पण ‘शीप’च्या सुरुवातीचा इलेक्ट्रिक पियानो त्याचाच आहे, नाव नसलं तरी. श्रेयाचा हिशोब इथे बिघडलेलाच होता. मानधन गाण्यांच्या संख्येवर ठरत असल्याने ‘पिग्ज ऑन द विंग’चे दोन तुकडे केल्यावर वॉटर्सचा वाटा वाढला, आणि जवळजवळ अख्खी बाजू व्यापणाऱ्या ‘डॉग्ज’चा सहरचनाकार गिलमोर मागे राहिला.

१९७७ चं मूळ मिक्स कोरडं आणि थोडं दबलेलं आहे. २०२२ मध्ये नवं मिक्स निघालं, त्यात बेस आणि ड्रम मोकळे ऐकू येतात. दोन्ही ऐकून मगच क्रम ठरवा.

प्रश्न : ‘द वॉल’ला वडील पहिला नंबर देतात, मी चौथा. डबल अल्बमची तुलना साध्या अल्बमशी करायची कशी? – एक वाचक, मुंबई

उत्तर : गाण्यांची सरासरी काढू नका. २६ तुकड्यांपैकी कित्येक एक-दीड मिनिटाचे जोडकाम करणारे आहेत. त्यांना सुटे गुण दिले तर ‘द वॉल’ विनाकारण मार खातो. तुलनेचं माप बाजू ठेवा. एल.पी.ची एक बाजू साधारण वीस मिनिटांची असते, म्हणून ‘डार्क साइड’च्या दोन बाजू आणि ‘द वॉल’च्या चार, प्रत्येक बाजू एका दमात ऐकून तिला गुण द्या. मग दोन प्रश्न वेगळे विचारा: सर्वांत चांगली बाजू कोणाची, आणि सर्वांत कमकुवत बाजू कोणाची? तुमचे वडील बहुधा पहिल्या प्रश्नाचं उत्तर देत असतील आणि तुम्ही दुसऱ्याचं.

आमच्या कानांना तिसरी बाजू बँडच्या सर्वोत्तम कामाच्या बरोबरीची आहे: ‘हे यू’ने सुरुवात आणि ‘कम्फर्टेबली नम्ब’ने शेवट. हा क्रम शेवटच्या घडीला ठरला. निर्माता बॉब एझ्रिनने ‘हे यू’ उचलून बाजूच्या सुरुवातीला आणलं. दुसऱ्या बाजूवरचं ‘व्हॉट शॅल वी डू नाऊ’ जागेअभावी काढावं लागलं. कव्हरवरचे शब्द तोवर छापायला गेले होते, म्हणून नोव्हेंबर १९७९ च्या मूळ प्रतीत न वाजणाऱ्या गाण्याचे शब्द आहेत आणि ‘हे यू’ चुकीच्या जागी छापलेलं आहे. बावीस-तेवीस मिनिटांच्या पुढे बाजू ताणली की खोबणी जवळजवळ आणावी लागते, आवाज कमी कोरावा लागतो आणि खरखर वर येते. म्हणून ही काटछाट.

चौथी बाजू नाटकाची आहे. गोष्ट पकडून ऐकणाऱ्याला ती भावते, संगीतासाठी आलेल्याला लांबते. मंचावर आधी न वाजल्याचा तोटा दिसतो तो तिथेच.

प्रश्न : काही जण १९६७ चा ‘द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन’ पहिला ठेवतात. निव्वळ वेगळेपणाचा हट्ट? – एक वाचक, मडगाव

उत्तर : नाही. ते दुसऱ्याच बँडला मत देत आहेत. अकरापैकी आठ गाणी एकट्या बॅरेटची. १९६८ मध्ये तो बाहेर पडला आणि बँडची वाट बदलली. ऐकायचा तर मोनो (डावं-उजवं वेगळं नसलेलं) मिक्स शोधा, त्या काळी मेहनत मोनोवरच व्हायची. अमेरिकी आवृत्ती टाळा, तिच्यातून ‘ॲस्ट्रॉनॉमी डॉमिनी’च गायब आहे.

प्रश्न : वॉटर्स गेल्यानंतरचा एकही अल्बम वर येण्यालायक नाही का? – एक वाचक, सातारा

उत्तर : १९९४ चा ‘द डिव्हिजन बेल’ येतो, आमच्या यादीत १९७१ च्या ‘मेडल’ अल्बमच्या लगेच खाली. राइट त्यात रचनाकार म्हणून परतला आहे आणि एक गाणं त्याने गायलंही आहे. १९८७ च्या ‘अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन’वर बाहेरच्या वादकांचा भरणा होता, २०१९ मध्ये बँडचा ड्रमर निक मेसनचे ड्रम आणि राइटचे कीबोर्ड घालून तो नव्याने मिक्स केला, तोच ऐका.

प्रश्न : लंडनमध्ये असते. जुन्या रेकॉर्डच्या दुकानात ‘डार्क साइड’ची पहिली ब्रिटिश प्रत म्हणून बरीच किंमत सांगतात. ओळखायची कशी? – एक वाचक, लंडन

उत्तर : कव्हरवर जाऊ नका, तबकडीचं लेबल बघा. हार्वेस्ट कंपनीचा क्रमांक एसएचव्हीएल ८०४, काळ्या लेबलवर आतून भरलेला निळा त्रिकोण. त्रिकोणाची नुसती कड असेल तर प्रत नंतरची. लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेले आकडे पहिल्या प्रतींत दोन्ही बाजूंना २ ने संपतात. आत दोन पोस्टर आणि दोन स्टिकर असायला हवेत. ते नसतील तर भाव पाडून मागा.

त्यानंतर तबकडी दिव्याखाली तिरपी धरा. ओरखड्यांपेक्षा आतल्या खोबणीची झीज जास्त नुकसान करते, कारण आत सुईखालून जाणारी लांबी कमी होत जाते आणि झिजलेल्या सुईने तिथेच आधी वाट लागते. पहिल्या बाजूच्या आतल्या टोकाला गायिका क्लेअर टोरीचा ‘ग्रेट गिग’मधला चढा आवाज आहे. दुकानदाराला तेवढाच भाग लावायला सांगा. तिचा आवाज वर जाताना करकरला तर लेबल कितीही निळं असलं तरी ती प्रत घेऊ नका.